षटकं मोजून काय कळतं?

२०२५च्या उन्हाळ्यात भारतीय संघ पाच कसोटींसाठी इंग्लंडला निघाला तेव्हाच एक गोष्ट जाहीर झाली होती. जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार. ठरल्याप्रमाणे तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला. गंमत अशी, की भारताने त्या मालिकेत जिंकलेल्या दोन्ही कसोटी, एजबॅस्टनची आणि ओव्हलची, बुमराह संघात नसतानाच्या. मोहम्मद सिराज मात्र पाचही खेळला. १८५.३ षटकं, २३ बळी, आणि ४ ऑगस्टच्या सकाळी हातातून निसटलेला ओव्हलचा सामना सहा धावांनी खेचून आणणारा शेवटचा यॉर्कर.

मग व्हायचं तेच झालं. ‘वर्कलोड’चं नाव काढताच एका गटाला कपिल देव आठवू लागला, दुसऱ्याला बुमराहच्या पाठीचं स्कॅन दिसू लागलं. पहिल्या गटाचं म्हणणं, देशासाठी खेळताना विश्रांती कसली आलीय? दुसऱ्याचं म्हणणं, हाड मोडल्यावर देशभक्तीचा लेप लावून ते जुळत नाही. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, आणि दोघांच्या हातात मोजपट्टी एकच आहे: गोलंदाजाने षटकं किती टाकली. मोठ्या वेगवान गोलंदाजांच्या कारकिर्दी जरा नीट पाहिल्या तर ही पट्टी तोकडी पडते. षटकं कोणत्या वयात टाकली, कुठे टाकली आणि कशासाठी टाकली, यावर कारकीर्द तरते किंवा बुडते. याचा सगळ्यात चांगला पुरावा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या एका मुलाने देऊन ठेवला आहे. त्याच्याकडे यायचंच आहे, पण आधी शरीराचा हिशेब.

वेगवान गोलंदाजी ही शरीरासाठी मुळातच अडाणी गोष्ट आहे. पंधरा-वीस पावलं धावत यायचं, उडी घ्यायची आणि सगळा वेग पुढच्या एका पायावर एका क्षणात थांबवायचा. त्या क्षणी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहापट, कधी त्याहूनही जास्त भार येतो. हा भार टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत चढतो आणि त्याच वेळी कंबर वळत असते, वाकत असते, खांदा वरून खाली येत असतो. दोन्हीच्या कात्रीत सापडतो तो पाठीच्या तळाचा मणका. तिथे हाडाचा एक बारीक पूल असतो, त्याला सूक्ष्म तडे जातात. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला, डावखुऱ्याला उजव्या बाजूला. यालाच सगळे ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. पडून किंवा धडकून होणारं हे मोडणं नाही. रोज थोडं थोडं झिजत जाणारं हाड भरून यायला वेळच मिळाला नाही की एके दिवशी ते बोलू लागतं. आणि मणक्याचं हे हाड पुरतं पक्कं व्हायला विशीचा मध्य उजाडतो. गोलंदाज सर्वांत वेगात असतो तेही नेमकं त्याआधी. निसर्गाने इथे चांगलाच घोळ घालून ठेवला आहे.

पॅट कमिन्सची गोष्ट म्हणजे या घोळाचा धडधडीत नमुना. नोव्हेंबर २०११, जोहान्सबर्ग. अठरा वर्षांच्या कमिन्सने पदार्पणाच्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्या दुसऱ्या डावात ७९ धावांत सहा बळी घेतले, सामनावीर ठरला, विजयी फटकाही त्याच्याच बॅटमधून आला. त्याची दुसरी कसोटी? मार्च २०१७, रांची. मधली पाच वर्षं चार महिने पाठ, टाच, पुन्हा पाठ. ऑस्ट्रेलियाने त्याला या काळात एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी सामने अधूनमधून खेळू दिले, कसोटीला हात लावू दिला नाही. वय वाढण्याची वाट पाहणे हा त्या उपचाराचा मोठा भाग होता. पुढे तोच कर्णधार झाला, २०२३चा विश्वचषक त्याने अहमदाबादेत प्रचंड गर्दी गप्प करून उचलला आणि २०२५ साली लॉर्ड्सवर त्याचे ३०० कसोटी बळीही पूर्ण झाले. तेव्हा षटकं मोजणाऱ्यांची टिंगल करणाऱ्यांनी कमिन्सच्या बाबतीत गप्पच बसलेलं बरं. विशीच्या आतल्या, विशी नुकती ओलांडलेल्या पोराची षटकं मोजलीच पाहिजेत. मुंबईच्या मैदानांवर रविवारी दोन-दोन सामने खेळवल्या जाणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची तर आधी.

वादाचा मुद्दा त्यानंतर सुरू होतो. हाड जुळलं, वय सव्वीस-सत्तावीस झालं. आता काय?

डेनिस लिलीला हा प्रश्न १९७३मध्ये पडला. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याच्या पाठीचे मणके तडकले. त्या काळात अशी पाठ घेऊन कुणी वेगवान गोलंदाज परत येत नसे. लिलीचं धड प्लास्टरमध्ये गेलं. पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्याने शरीर नव्याने बांधलं आणि १९७४-७५च्या अ‍ॅशेसमध्ये जेफ थॉमसनच्या जोडीने इंग्लंडची दाणादाण उडवली. गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. त्यापुढची कमी सांगितली जाते. १९७५नंतरचा लिली आणि त्याआधीचा लिली हे दोन निराळे गोलंदाज होते. पहिला नुसता जाळ. दुसऱ्याकडे लेग-कटर होता, वेग कधी राखायचा आणि कधी सोडायचा याचं गणित होतं, फलंदाजाला तीन षटकं आधीपासून एका चेंडूसाठी तयार करण्याचा धीर होता. ७० कसोटींत ३५५ बळी घेऊन तो १९८४च्या जानेवारीत थांबला, तेव्हा तो जगातला सर्वाधिक कसोटी बळी घेणारा गोलंदाज होता. विश्रांतीने त्याची पाठ बरी झाली. त्याचा लेग-कटर मात्र विश्रांतीतून आलेला नाही, तो चेंडू टाकून टाकूनच आला.

याच लिलीला १९८७मध्ये चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशनवर आणलं गेलं. तिथे दहा-अकरा वर्षांनी श्रीरामपूरहून मुंबईमार्गे एक डावखुरा पोरगा पोचला. इंजिनीअरिंगचं शिक्षण बाजूला ठेवून तो मुंबईत आला होता. सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला होता आणि टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला होता. मुंबईच्या संघात जागा होईना म्हणून झहीर खान बडोद्याकडून रणजी खेळू लागला.

ऑक्टोबर २०००मध्ये नैरोबीला आयसीसी नॉकआउट स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडाला, आणि भारतीय प्रेक्षक टीव्हीसमोर सरसावून बसला. आपला माणूस, डावखुरा, आणि समोरच्याला उशीर होतोय! असं दृश्य आपल्याकडे वरचेवर दिसत नसे. झहीरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत असे क्षण बरेच आहेत. २००३च्या विश्वचषकात १८ बळी. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात ९५ धावांत पाच. पण त्या क्षणांच्या आजूबाजूला काय होतं? विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा आणि शेवटी सात षटकांत ६७. ब्रिस्बेननंतर मांडीचा स्नायू. मग पुनरागमन, मग पुन्हा काहीतरी दुखणं, वाढलेलं वजन, क्रीझवरची ती उंच आडवी उडी. उडी दिसायला देखणी होती, पण तिने शरीराचा तोल आणि चेंडूची दिशा दोन्ही बिघडवले. २००६च्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर तो संघाबाहेर गेला. इरफान पठाण होता, श्रीशांत होता, मुनाफ पटेल होता, आर. पी. सिंग होता. झहीर परतेल असं फारसं कुणी धरून चाललं नव्हतं.

तेव्हा वय सत्तावीस. आजच्या पद्धतीप्रमाणे अशा गोलंदाजाला बंगळूरला अकादमीत पाठवलं असतं, फिजिओच्या हवाली केलं असतं, चेंडूंचा तक्ता करून दर आठवड्याला दहा-दहा चेंडू वाढवले असते. झहीर गेला वूस्टरला.

इंग्लिश काउंटी हा फार चकचकीत प्रकार नाही. वूस्टरशायर त्या वर्षी दुसऱ्या विभागात होतं. दुसऱ्या विभागातला चार दिवसांचा सामना म्हणजे अर्धं रिकामं मैदान, सीमारेषेलगत घडीच्या खुर्च्यांवर बसलेले निवृत्त लोक, थर्मासमधला चहा आणि कधीही येणारा पाऊस. सकाळी गाडीत किटबॅग टाकायची, तीन तास प्रवास करायचा, दुसऱ्या दिवशी अकराला नवा चेंडू हातात घ्यायचा. चार दिवसांनी पुन्हा तेच. विश्रांतीच्या कोणत्याही व्याख्येत हे बसत नाही. झहीरने त्या एका मोसमात वूस्टरशायरसाठी प्रथम श्रेणीत ७८ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध पदार्पणाच्या सामन्यातच दहा, आणि एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत नऊ. पहिले नऊच्या नऊ त्याचे. दहावाही त्याचाच व्हायचा, पण यष्टिमागे झेल सुटला.

आकडे बाजूला ठेवून त्या मोसमात झालं काय ते पाहावं. रन-अप आखूड झाला. उडी आटोक्यात आली. दिवसाला वीस षटकं टाकायची म्हटल्यावर शरीर आपोआप उधळपट्टी बंद करतं, कोचने सांगावं लागत नाही. ड्यूक्सच्या चेंडूची शिवण उभी ठेवायची सवय मनगटाला लागली, कारण ती न लागलेल्या दिवशी दुसऱ्या विभागातला कुणी अनाम सलामीवीरही शतक काढून जातो. उजव्या हाताच्या फलंदाजाला राउंड द विकेट जाऊन चेंडू आत आणायचा की बाहेर न्यायचा, हे शेवटच्या क्षणापर्यंत लपवता येऊ लागलं. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे फसण्याची मुभा. तिथे एखादा प्रयोग अंगाशी आला, चार चौकार गेले, तरी रात्री कुठल्या चॅनेलवर चार माजी खेळाडू बसून त्याची चिरफाड करत नव्हते. पुढच्या षटकात पुन्हा तोच चेंडू टाकून बघता येत होता. या सगळ्याचा खर्च भारतीय क्रिकेटला शून्य पडला, हेही जाता जाता नोंदवायला हवं.

तो परतला तो डिसेंबर २००६मध्ये, जोहान्सबर्गला. भारताने दक्षिण आफ्रिकेत जिंकलेली ती पहिली कसोटी. त्याच मोसमात तो मुंबईकडून रणजी खेळला आणि मुंबईने करंडक जिंकला. मग आला २००७चा जुलै आणि ट्रेंट ब्रिज.

त्या कसोटीची आठवण निघाली की लोक जेली बीन्सबद्दल बोलतात. झहीर फलंदाजीला आला असताना कुणीतरी क्रीझवर रंगीत गोळ्या टाकल्या, तो भडकला, बॅट रोखून केविन पीटरसनशी भांडला आणि मग दुसऱ्या डावात पाच बळी घेऊन त्याने हिशेब चुकता केला. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून टिकली. पण रागावून कुणी चेंडू स्विंग करत नाही. पहिल्या डावात, म्हणजे गोळ्या पडायच्या आधीच, त्याने ५९ धावांत चार बळी घेतले होते. दुसऱ्या डावात ७५ धावांत पाच. त्यातला मायकेल वॉनचा बळी नीट पाहण्यासारखा आहे. वॉन १२४वर, इंग्लंड सामना वाचवायच्या वाटेवर. झहीर राउंड द विकेट. चेंडू मांडीच्या पॅडला लागून यष्टींवर गेला. नशिबाचा भाग आहेच. पण १२४ धावा काढलेल्या फलंदाजाला चेंडूचा अंदाज चुकवायला लावणं ही वूस्टरची कमाई होती. भारताने कसोटी सात गड्यांनी जिंकली आणि १९८६नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये मालिका घेतली.

समोरच्या संघातला जेम्स अँडरसन हे सगळं बारकाईने बघत होता. धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकून घेण्याची युक्ती आपण झहीरला पाहून उचलली, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं आहे. अँडरसनची कारकीर्द तर या लेखाच्या मुद्द्यासाठी मुद्दाम घडवल्यासारखी आहे. विशीत असताना त्याची पाठ मोडेल या भीतीने प्रशिक्षकांनी त्याची नैसर्गिक शैली बदलली. वेग गेला, स्विंग गेला, आणि २००६मध्ये पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं ते झालंच. शेवटी त्याने जुनी शैली परत धरली, लँकेशायरसाठी आणि इंग्लंडसाठी वर्षानुवर्षं षटकांवर षटकं टाकली आणि जुलै २०२४मध्ये, ४२ पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना, १८८ कसोटी आणि ७०४ बळींवर थांबला. तोही स्वतःहून नाही, बोर्डाने पुढचा विचार करायचा म्हटलं म्हणून. इतके बळी दुसऱ्या कुठल्याही वेगवान गोलंदाजाने घेतलेले नाहीत. चिंता करणाऱ्या हातांनी त्याची कारकीर्द जवळपास संपवली होती, हे विसरू नये.

याउलट शोएब अख्तर. २२ फेब्रुवारी २००३, केपटाऊन, १६१.३ किलोमीटर. तो आकडा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्याच्या कसोटी किती, ते मात्र विचारून बघावं. ४६. बळी १७८. ग्लेन मॅकग्राच्या १२४ कसोटी आणि ५६३ बळी. मॅकग्राचा वेग किती होता हे कुणी विचारतही नाही. शोएबची सरासरी उत्तम आहे, त्याच्या स्पेलने सामने फिरले आहेत, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण वेगाचा आकडा आणि कारकीर्द या दोन गोष्टींची सांगड आपण समजतो तेवढी घट्ट नाही. तरीही आयपीएलमध्ये कुणी १५५ गाठला की दुसऱ्या दिवशी त्याला कसोटी संघात घ्या म्हणून ओरड सुरू होते, आणि पुढच्या मोसमात तो कुठे आहे हे शोधावं लागतं.

आता कपिल देवचा मुद्दा. १३१ कसोटी, ४३४ बळी, आणि सोळा वर्षांत हुकलेली एकच कसोटी. तीही दुखापतीमुळे नव्हे. १९८४-८५ला कोलकात्यात निवड समितीने बसवलं म्हणून. हा आकडा इतका अचाट आहे की तो समोर टाकला की वादच संपतो असं वाटतं. खरं म्हणजे तो अपवादाचा आकडा आहे. आजोबा रोज विडी ओढून नव्वद वर्षं जगले म्हणून विडी आरोग्याला चांगली ठरत नाही. कपिलची शैली सहज होती, शरीर काटक होतं, दोन कसोटींच्या मध्ये त्याला आयपीएल नव्हतं. आणि ज्यांना तेवढंच राबवलं पण जे टिकले नाहीत, त्यांची नावं वादात कुणी घेत नाही.

रमाकांत देसाईंचं नाव घ्या. मुंबईचा, साडेपाच फुटांहूनही कमी उंचीचा, ‘टायनी’ नावाने ओळखला जाणारा हा गोलंदाज १९५९च्या फेब्रुवारीत दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणाची कसोटी खेळला. वय १९. पहिल्याच डावात त्याच्याकडून ४९ षटकं टाकून घेतली गेली. चार बळी, १६९ धावा. समोरच्या संघाने सहाशेच्या वर मजल मारली होती आणि दुसऱ्या टोकाला वेग असा नव्हताच. पुढची काही वर्षं भारताचा वेगवान मारा म्हणजे देसाई एवढंच समीकरण होतं. हनीफ मोहम्मदसारखा चिवट फलंदाज त्याच्या बाउन्सरपुढे अडखळायचा. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याची शेवटची कसोटी झाली. २८ कसोटी, ७४ बळी. ज्या वयात झहीर वूस्टरहून नवा होऊन परतला, जवळपास त्याच वयात देसाईचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट आटोपलं होतं. कपिल ज्यांना आठवतो त्यांनी देसाईही आठवावा. एकोणिसाव्या वर्षी एका डावात ४९ षटकं आणि सत्ताविसाव्या वर्षी एका मोसमात शेकडो षटकं, यांची बेरीज एकाच वहीत मांडून काही हाती लागत नाही.

मोजपट्टी तोकडी असल्याचा आणखी एक पुरावा झहीरच्याच कारकिर्दीत आहे, आणि तो त्याच्या बाजूचा नाही.

२०११चा विश्वचषक ही त्याच्या कलेची परमावधी. २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक. बंगळूरला इंग्लंड ३३८चा पाठलाग करताना २ बाद २८१वर होतं, सामना जवळजवळ खिशात. झहीर परत आला. इयान बेल आणि १५८ काढलेला अँड्र्यू स्ट्रॉस लागोपाठच्या चेंडूंवर गेले, मागोमाग पॉल कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना टाय झाला. २ एप्रिलला वानखेडेवर अंतिम सामन्यात पहिली पाच षटकं: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. नंतरच्या पाचांत ५४ गेल्या हे खरं, पण सुरुवातीला आवळलेला तो फास श्रीलंकेला बराच वेळ सोडवता आला नाही.

८ एप्रिलला आयपीएल सुरू झालं. विश्वचषक उंचावून सहा दिवस झाले होते. झहीर बेंगलोरच्या संघाकडून खेळला. दर सामन्यात चार षटकं, विमान, हॉटेल, पुन्हा चार षटकं. वेस्ट इंडीजच्या दौऱ्याला तो गेला नाही. थेट २१ जुलैला लॉर्ड्स. नव्या चेंडूवर त्याने दोन्ही इंग्लिश सलामीवीर घेतले, १३.३ षटकांत फक्त १८ धावा दिल्या आणि चौदावं षटक अर्ध्यात सोडून मांडी धरून बाहेर गेला. त्या मालिकेत तो पुन्हा दिसला नाही. भारत ०-४ हरला, कसोटीतलं पहिलं स्थान गेलं.

षटकं मोजली तर त्या चार महिन्यांत झहीरने फार टाकली असं कुणी म्हणणार नाही. घोटाळा नेमका तिथेच आहे. चार षटकांच्या सवयीला आलेल्या शरीराला एका सकाळी वीस षटकं मागितली गेली. क्रीडाशास्त्रज्ञ गेली काही वर्षं हेच सांगत आले आहेत: अति गोलंदाजीने दुखापत होते तशीच कमी गोलंदाजीनंतर एकदम वाढलेल्या गोलंदाजीनेही होते. शरीराला धक्का बसतो तो या अचानक वाढीचा, एकूण बेरजेचा नाही. आयपीएलमधला चेंडू आणि कसोटीतला चेंडू तक्त्यात एकेकच धरला जातो, पण दिवसातला चोविसावा चेंडू आणि एकशे विसावा चेंडू टाकणारं शरीर एकच नसतं. २०२३मध्येही आयपीएल ३० मेच्या पहाटे संपलं आणि ७ जूनला त्याच गोलंदाजांनी ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना सुरू केला. ऑस्ट्रेलियाने तो २०९ धावांनी जिंकला.

त्या ओव्हलच्या कसोटीत उमेश यादव होता. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. नागपूरजवळच्या खापरखेड्याकडच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस बॉलवर खेळला, लेदर बॉल त्यानंतर हातात आला, आणि २०११मध्ये तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. अकादमीतल्या पोरांपेक्षा त्याची सुरुवात उशिराची, पण कोवळ्या वयात पाठीवर ओझं पडलं नाही हा त्याचा एक फायदाही असू शकेल. त्यालाही पाठीच्या दुखण्याने गाठलं, तरी तो ५७ कसोटी खेळला, १७० बळी घेतले, २०१५च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक १८ त्याचे होते. दुखापतीपेक्षा त्याला वेगळंच दुखणं होतं. मायदेशात फिरकीच्या खेळपट्टीवर त्याला बोलवायचं, परदेशात गेल्यावर तो बहुतेक वेळा बाराव्या-तेराव्या जागेवर. नवा चेंडू आठ षटकं द्यायचा आणि मग अश्विन-जडेजांकडे सुपूर्द करायचा. अशा माणसाची षटकं कमीच भरतात, शरीर शाबूत राहतं आणि कला जागच्या जागी राहते. उमेशला पंचवीस-सव्विसाव्या वर्षी एक अख्खा मोसम कुठल्यातरी काउंटीने राबवला असता तर काय झालं असतं, हा विचार विदर्भातल्या अनेकांच्या मनात येऊन गेला असेल.

बुमराहपर्यंत परत यायचं तर त्याचं प्रकरण या सगळ्यांपेक्षा अवघड आहे. रन-अप जेमतेम, म्हणजे वेग पावलांतून येत नाही, तो खांदा, कोपर आणि कमरेच्या झटक्यातून येतो. २०१९मध्ये पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२२मध्ये पुन्हा पाठ, २०२३मध्ये शस्त्रक्रिया. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत ३२ बळी, मेलबर्नला २०० कसोटी बळी पूर्ण आणि सरासरी विसाच्या आत. आणि शेवटच्या सिडनी कसोटीत भारताला १६१ धावांचा बचाव करायचा होता तेव्हा तो पाठ धरून पॅव्हेलियनमध्ये. त्याला पुढे इंग्लंडमध्ये तीनच सामने द्यायचं ठरलं ते भित्रेपणा म्हणून नाही, ते हिशेबाला धरूनच होतं. त्याच्याकडे शिकायचं राहिलेलं फारसं काही नाही, त्याच्यासाठी वूस्टर नाही. त्याला जपायचंच आहे. प्रश्न त्याच्या मागे येणाऱ्यांचा आहे. बुमराहच्या पाठीसाठी शिवलेला अंगरखा बोर्ड आता प्रत्येक पोराच्या अंगात घालू पाहतंय. तेवीस वर्षांच्या धडधाकट गोलंदाजालाही रणजीच्या दोन सामन्यांनंतर बसवलं जातं आणि आयपीएलला मात्र चौदाही सामने चालतात.

करायला पाहिजे ते फार अवघड नाही. हाड कच्चं असेपर्यंत मोजा, कडक मोजा, टेनिस बॉलच्या स्पर्धाही त्या मोजणीत धरा. हाड पक्कं झालं की त्याला रणजीचा पूर्ण मोसम खेळवा. लाहलीच्या हिरव्या खेळपट्टीवर सुखाने बळी घेऊ दे आणि इतर ठिकाणच्या पाटा खेळपट्टीवर तिसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या मैदानात घामही गाळू दे. संघाबाहेर गेलेल्याला एप्रिल ते सप्टेंबर काउंटीत पाठवा. अडचण तीच जुनी. एप्रिल-मे आयपीएलचे आहेत आणि तिथला चार षटकांचा मोबदला काउंटीच्या चारशे षटकांहून अनेक पटींनी जास्त आहे. झहीर २००६मध्ये वूस्टरला जाऊ शकला याचं एक कारण असंही आहे की आयपीएल तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. आज सत्ताविसाव्या वर्षी संघाबाहेर गेलेल्या झहीरला कुठली तरी फ्रँचायझी उचलेल आणि तो पॉवरप्लेची दोन षटकं बऱ्यापैकी टाकत राहील. त्याला दोष देता येणार नाही.

झहीरचे ९२ कसोटींतले ३११ बळी मोजले तर निम्म्याहून बरेच जास्त पुनरागमनानंतरचे भरतात. त्याची शेवटची कसोटी २०१४च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅकलमने त्रिशतक काढलं, न्यूझीलंडचा दुसरा डाव दोन दिवसांहून अधिक चालला. पस्तीस वर्षांच्या झहीरने त्या एका डावात ५१ षटकं टाकली. त्यात १३ निर्धाव, १७० धावा, पाच बळी, आणि ३०२वर मॅकलमही शेवटी त्याच्याच चेंडूवर धोनीच्या हाती झेल देऊन गेला. लॉर्ड्सवर १३.३ षटकांत कोसळलेलं शरीर अडीच वर्षांनी मोठं असताना हे करून गेलं. मग २०१५च्या ऑक्टोबरात निवृत्ती जाहीर करताना त्याने कारण दिलं ते असं, की नव्या मोसमाची तयारी करताना लक्षात आलं, दिवसाला साधारण १८ षटकं टाकणं आता खांद्याला झेपणार नाही. वूस्टरला जाऊन आलेला माणूसही अखेर षटकांच्याच भाषेत बोलला. फरक इतकाच, की ती १८ षटकं त्याने स्वतः मोजली होती, आणि तीही कसोटीच्या दिवसाची.